‘युनिव्हर्सली’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही: सीमाभागातल्या मराठी माणसासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला इंग्रजी लिहिण्याची वेळ बहुधा कामापुरती येते. नोकरीचा अर्ज, नगरपालिकेला निवेदन, मंडळाच्या सभेचा ठराव, नाहीतर मुलाच्या कॉलेजचा निबंध. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि दोन्हीकडच्यांना चालावं म्हणून कागद इंग्रजीत. अशा कागदांत एक शब्द वजनदार म्हणून हमखास घातला जातो: युनिव्हर्सली. ‘सर्वांना’, ‘सगळीकडे’, ‘नेहमीच’ यातलं काहीही म्हणायचं असलं तरी तोच. मग ‘द रोड इज युनिव्हर्सली बॅड’ किंवा ‘वॉटर इज नॉट कमिंग युनिव्हर्सली’ अशी वाक्यं तयार होतात. वाचणाऱ्याला अर्थाचा अंदाज येतो, पण इंग्रजी तसं बोलत नाही.

शब्द अवघड नाही. त्याची जागा ठरलेली आहे, सोबती ठरलेले आहेत, आणि त्याच्या आधी ‘नॉट’ आलं की सांभाळावं लागतं. त्याच क्रमाने जाऊ.

आधी विचारा: कोण, कुठे की केव्हा?

मनात वाक्य मराठीतच तयार होतं, ते होऊ द्या. त्यातला ‘सर्व’ कशाबद्दल आहे एवढं बघा. माणसांबद्दल, जागेबद्दल की वेळेबद्दल? इथे आपल्याला कन्नडचीही मदत होते. एल्लरू म्हणजे सगळी माणसं, एल्ला कडे म्हणजे सगळीकडे, यावागलू म्हणजे नेहमी. बाजारात भाजी घेताना या तिन्हींची गल्लत आपण कधी करत नाही. मग इंग्रजीत का करायची?

वेळ असेल तर ‘ऑलवेज’. डोळ्यांनी दिसणारी जागा असेल तर ‘एव्हरीव्हेअर’. ‘बेळगावात सगळीकडे पाऊस पडतोय’ याचं इंग्रजी ‘इट इज रेनिंग एव्हरीव्हेअर इन बेळगावी’ असं होतं, तिथे युनिव्हर्सलीचं काही काम नाही. एकाच रस्त्याबद्दल किंवा एकाच इमारतीबद्दल बोलत असाल तर ‘थ्रूआउट’ किंवा ‘ऑल अलाँग’. खानापूरच्या रस्त्याला शेवटपर्यंत खड्डे असतील तर ‘देअर आर पॉटहोल्स ऑल अलाँग द रोड’.

युनिव्हर्सली उरतो दोन ठिकाणी. एक, संबंधित सगळ्या माणसांचं मत, माहिती किंवा भावना एकच असते तेव्हा. दोन, एखादा नियम किंवा विधान प्रत्येक बाबतीत, अपवादाशिवाय लागू होतं तेव्हा. ‘संबंधित’ हा शब्द इथे महत्त्वाचा. युनिव्हर्सली म्हणजे अख्खं ब्रह्मांड असं नाही. ‘ही इज युनिव्हर्सली लाइक्ड इन अवर लेन’ हे वाक्य बरोबर आहे, गल्लीपुरतं. आपल्या राज्यघटनेच्या 326 व्या कलमातल्या मताधिकाराला युनिव्हर्सल म्हणतात, आणि तरी तो 18 वर्षांखालच्यांना नाही. आधी वर्तुळ आखायचं आणि मग त्या वर्तुळातल्या कुणालाही वगळायचं नाही, अशी ही कल्पना आहे.

मराठीतला ‘सर्व–’ हुडका

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती ही खूण. मराठीत जिथे ‘सर्व–’ लागून सामासिक शब्द तयार होतो आणि दुसरा भाग मान्य, श्रुत, ज्ञात असा धातूपासून आलेला असतो, तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा युनिव्हर्सली आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं. शाळेत व्ही थ्री म्हणून घोकलेलं तेच रूप. सर्वमान्य म्हणजे युनिव्हर्सली अक्सेप्टेड. सर्वश्रुत, सर्वज्ञात म्हणजे युनिव्हर्सली नोन. सगळ्यांना आदर असलेला माणूस युनिव्हर्सली रिस्पेक्टेड, सगळ्यांनी निषेध केलेलं कृत्य युनिव्हर्सली कंडेम्ड. विशेषणांतले सोबती थोडे आहेत: अप्लिकेबल, अव्हेलेबल, ट्रू, पॉप्युलर. एवढी जोडी पाठ केली तरी रोजच्या कामातलं बरंचसं भागतं.

पण प्रत्येक ‘सर्व’ आणि प्रत्येक ‘सार्व’ इकडे येत नाही, आणि घोळ होतो तो इथेच. सार्वजनिक गणेशोत्सव ‘पब्लिक’ असतो. सर्वपक्षीय बैठक ‘ऑल-पार्टी मीटिंग’. सर्वसाधारण सभा ‘जनरल बॉडी मीटिंग’. सार्वत्रिक निवडणूक ‘जनरल इलेक्शन’, पण सार्वत्रिक मताधिकार मात्र ‘युनिव्हर्सल फ्रँचाइझ’. मराठीत शब्द एक, इंग्रजीत दोन, आणि त्याला इलाज नाही, लक्षातच ठेवायचं. सरसकट हा तर आपला खास शब्द. अतिवृष्टीनंतर सरसकट नुकसानभरपाई मागताना लोक ‘गिव्ह कॉम्पेन्सेशन युनिव्हर्सली’ असं लिहितात. ते ‘टु ऑल अफेक्टेड फार्मर्स, विदाउट एक्सेप्शन’ असं लिहावं. कुणाला द्यायचं ते त्यात स्पष्ट होतं, आणि निवेदनात तेच तर हवं असतं.

सर्वानुमते या शब्दाजवळ जरा थांबू, कारण मंडळं, पतसंस्था, देवस्थानच्या समित्या यांच्या कागदांत तो सतत लागतो. त्याला इंग्रजीत ‘युनॅनिमसली’. फरक असा: जिथे ठरलेली माणसं एकत्र बसली, प्रश्न मांडला गेला आणि एकानेही विरोध केला नाही, तिथे युनॅनिमसली. जिथे सभा झाली नाही, हात वर झाले नाहीत, पण विखुरलेल्या सगळ्या लोकांचं मत एकच आहे, तिथे युनिव्हर्सली. ‘द रिझोल्यूशन वॉज पास्ड युनॅनिमसली’ हे ठरावाच्या वहीतलं वाक्य. ‘द डिसिजन वॉज युनिव्हर्सली वेलकम्ड’ हे दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं. ठरावात युनिव्हर्सली लिहिलं तर उद्या कुणी विचारेल, मतदान झालं होतं की नाही?

वाक्यात ठेवायचा कुठे

इज, आर, वॉज, वेअर, बीन यांच्यानंतर आणि तिसऱ्या रूपाच्या आधी. ‘द रूल इज युनिव्हर्सली अक्सेप्टेड.’ दहातली आठ वाक्यं या साच्यात बसतात.

साधं क्रियापद असेल आणि त्याला कर्म नसेल तर मागे जातो: ‘द रूल अप्लाइज युनिव्हर्सली.’ कर्म असेल तर क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये घुसवायचा नाही. ‘फार्मर्स वेलकम्ड युनिव्हर्सली द रेन’ हे कानाला खटकतं. ‘फार्मर्स युनिव्हर्सली वेलकम्ड द रेन’ चालतं. त्याहून बरं ‘द रेन वॉज युनिव्हर्सली वेलकम्ड बाय फार्मर्स’. कर्ता एकच माणूस असेल तर सरळ क्रियापदाबरोबर तो घालायचा नाही, कारण एकटा माणूस ‘युनिव्हर्सली’ काही करू शकत नाही. ‘आय युनिव्हर्सली सपोर्ट यू’ असं एका अर्जात लिहिलेलं मी वाचलं आहे. लिहिणाऱ्याला ‘माझा पूर्ण पाठिंबा आहे’ म्हणायचं होतं, त्याला ‘होलहार्टेडली’ किंवा नुसतं ‘फुली’.

वाक्याच्या सुरुवातीला ‘युनिव्हर्सली, पीपल से’ अशी सुरुवात करू नये. ‘सगळे लोक म्हणतात’ला ‘एव्हरीबडी सेज’ पुरतं.

‘नॉट’ कुठे बसतो त्यावर सगळं आहे

या भागावर वेळ घालवा. मराठीत ‘सगळ्यांना हा अहवाल मान्य नाही’ असं म्हटलं की त्याचे दोन अर्थ निघतात. काहींना मान्य आहे, काहींना नाही, हा एक. कुणालाच मान्य नाही, हा दुसरा. बोलताना आपण ‘सगळ्यांना’वर किंवा ‘नाही’वर जोर देऊन अर्थ पोचवतो. कागदावर तो जोर उमटत नाही.

इंग्रजीत ‘नॉट युनिव्हर्सली अक्सेप्टेड’चा अर्थ एकच: काहींना मान्य, काहींना अमान्य. कुणालाच मान्य नसेल तर ‘युनिव्हर्सली रिजेक्टेड’, किंवा साधं ‘नोबडी अक्सेप्ट्स इट’. ‘युनिव्हर्सली नॉट अक्सेप्टेड’ असं मात्र लिहायचं नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. सीमाप्रश्नासाठी 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला आणि 1967 मध्ये त्याने अहवाल दिला. कर्नाटक त्या अहवालावर ठाम आहे, महाराष्ट्राने तो नाकारला. म्हणून ‘द महाजन रिपोर्ट इज नॉट युनिव्हर्सली अक्सेप्टेड’ हे वाक्य कुणीही, कुठल्याही बाजूने लिहिलं तरी खरंच राहतं. भावनेच्या भरात ‘युनिव्हर्सली रिजेक्टेड’ लिहिलं की ते खोटं पडतं, कारण एक अख्खं राज्य तो मानतं. समोरच्याला तुमचा मुद्दा खोडावा लागत नाही, तो फक्त या शब्दावर बोट ठेवतो आणि पुढचं वाचायचं सोडून देतो. आपली बाजू मांडायची असेल तर ‘रिजेक्टेड बाय महाराष्ट्र’ असं नाव घेऊन लिहावं, ते जास्त ठाम वाटतं.

तसंच 1 नोव्हेंबरचं. बेळगावात सरकारी पातळीवर तो राज्योत्सव, म्हणजे कर्नाटक राज्याचा स्थापनादिन, आणि त्याच शहरात मराठी संघटना तो काळा दिवस म्हणून पाळतात. परगावच्या माणसाला इंग्रजीत सांगायचं तर ‘द डे इज नॉट युनिव्हर्सली सेलिब्रेटेड इन द सिटी’ असं म्हणता येतं, आणि कुणाचीही बाजू न घेता वस्तुस्थिती सांगून होते. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे बेळगावी झालं, मराठी घरात ते बेळगावच आहे. ‘द ऑफिशियल नेम इज बेळगावी, बट इट इज नॉट युनिव्हर्सली युज्ड इन स्पीच.’

आणखी एक बारकावा. इंग्रजी लिहिणारे ‘नॉट युनिव्हर्सली’ हा प्रयोग सौम्यपणे बोचण्यासाठीही वापरतात. ‘द न्यू प्रिन्सिपल इज नॉट युनिव्हर्सली पॉप्युलर’ म्हटलं की समजायचं, बरेच जण वैतागलेत. इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर टीका वाचूनही ती टीका वाटणार नाही.

पूर्ण शंभर टक्के नसेल तर

बहुतेक वेळा नसतंच. मग एक पायरी खाली उतरा. सगळ्यांत सौम्य ‘कॉमनली’, म्हणजे नेहमी आढळणारं. त्याच्या वर ‘वाइडली’, म्हणजे पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ लोकांत. ‘जनरली’ म्हणजे साधारणपणे, अपवाद धरून. मग ‘ऑलमोस्ट युनिव्हर्सली’, आणि शेवटी नुसतं युनिव्हर्सली. ‘ऑलमोस्ट’च्या जागी ‘निअरली’ किंवा ‘व्हर्च्युअली’ चालतं. ‘व्हेरी युनिव्हर्सली’ चालत नाही. पूर्णाला ‘फार पूर्ण’ कसं म्हणणार?

कुंद्यावर हे लावून बघा. बेळगावात कुंदा युनिव्हर्सली नोन आहे, यात वाद नाही. उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात वाइडली नोन. त्यापलीकडे? कोलकात्याच्या माणसाला विचारा. गोकाकच्या करदंटाचंही तेच. आणि मिठाईच्या खोक्यावर छापायचंच असेल तर ‘युनिव्हर्सली फेमस’ छापू नका. ‘फेमस’ची जोडी ‘वर्ल्ड’शी जमते, युनिव्हर्सलीशी नाही. वर्ल्ड-फेमस हा दावा मोठाच आहे, पण मिठाईवाल्याला तेवढी सूट जग देतं.

गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन 1924 मध्ये बेळगावात भरलं. शहरातल्या शाळांत शिकलेल्यांना हे बहुतेक ठाऊक असतं, म्हणून ‘ऑलमोस्ट युनिव्हर्सली नोन हिअर’. ‘इट इज युनिव्हर्सली नोन’ लिहिलं की परीक्षक म्हणेल, मला ठाऊक नव्हतं. तिथेच वाक्य पडलं.

पडताळा हाच. लिहून झालं की एक अपवाद शोधा. सापडला तर एक पायरी उतरा. गणितात ‘सर्वांसाठी’ हे दाखवायला उलटा ए काढतात, आणि तिथे एका अपवादाने विधान रद्द होतं. भाषा इतकी कडक नाही, पण अर्ज वाचणारा कारकून असतो.

इंजिनिअरिंगच्या मुलांना यूयूआयडी माहीत असेल, युनिव्हर्सली युनिक आयडेंटिफायर, संगणकातल्या नोंदींना ओळख म्हणून दिला जाणारा 128 बिटांचा क्रमांक. त्यातलं युनिव्हर्सली क्रियाविशेषणच आहे, ‘युनिक’ या विशेषणाच्या आधी आलेलं. गंमत म्हणजे सहसा ते क्रमांक दुसऱ्यांदा निघाले नाहीत ना, हे कुणी तपासत बसत नाही. तसं होण्याची शक्यता इतकी कमी की काळजीचं कारण नाही. कडक बोलायचं तर तिथेही ‘ऑलमोस्ट’ हवा होता.

एक वाक्य हातात घेऊन

निवेदनात असं वाक्य आहे समजा: ‘ड्रिंकिंग वॉटर इज नॉट कमिंग युनिव्हर्सली इन अवर वॉर्ड सिन्स लास्ट टू वीक्स.’

पहिला प्रश्न, वॉर्डात कुणालाच पाणी नाही की काही गल्ल्यांना नाही? हे वाक्य, जसं आहे तसं वाचलं तर, काही गल्ल्यांना पाणी येतंय अशी कबुली देतं. कारण ‘नॉट युनिव्हर्सली’चा अर्थ आपण वर पाहिला. तिकडून उत्तर येणार, अमुक गल्लीत पुरवठा सुरू आहे, आणि तक्रार निकाली. खरोखर कुणालाच पाणी नसेल तर लिहा: ‘नो हाउस इन अवर वॉर्ड हॅज रिसीव्ह्ड ड्रिंकिंग वॉटर फॉर द लास्ट टू वीक्स.’ काही गल्ल्यांचाच प्रश्न असेल तर त्या गल्ल्यांची नावं द्या, ‘सम एरियाज’ म्हणून सोडू नका. आणि ‘सिन्स’ नको, ‘फॉर’. कालावधी सांगतोय आपण, सुरुवातीची तारीख नाही.

युनिव्हर्सली वापरायचाच असेल तर त्याला जागा आहे. बेळगावात 24 तास पाण्याची योजना आधी काही भागांत आली, सगळ्या शहराला एकदम नाही. त्या काळाबद्दल ‘राउंड-द-क्लॉक वॉटर वॉज नॉट युनिव्हर्सली अव्हेलेबल इन द सिटी’ हे वाक्य नेमकं आहे. सोबती अव्हेलेबल, आधी नॉट, आणि अर्थ काहींना होतं, काहींना नव्हतं.

उच्चार, स्पेलिंग आणि ‘अ’ की ‘ऍन’

उच्चारात जोर ‘व्हर्’वर: यू-नि-व्हर्-स-ली. आपण पाचही तुकडे सारख्या वजनाने म्हणतो, ते टाळा. स्पेलिंगमध्ये शेवटी एल दोनदा, कारण युनिव्हर्सलमध्ये एक आधीच आहे आणि ‘एल-वाय’ पुढे जोडलं जातं. आधी ‘अ’ येतो, ‘ऍन’ नाही: ‘अ युनिव्हर्सली अक्सेप्टेड रूल’. अक्षर स्वराचं असलं तरी आवाज ‘य’चा आहे. ‘अ युनिव्हर्सिटी’ आपण न चुकता म्हणतो, तोच न्याय.

‘बाय ऑल’, ‘बाय एव्हरीबडी’, ‘ऑल ओव्हर द वर्ल्ड’ हे शेपूट युनिव्हर्सलीच्या मागे लावू नका. सगळे आत आलेच आहेत. वर्तुळ सांगायचं असेल तर ‘अमंग’ किंवा ‘बाय’ घेऊन नेमकं सांगा: ‘अमंग द टोबॅको ग्रोअर्स ऑफ निपाणी’.

सरावाला पाच वाक्यं

आधी स्वतः लिहा, मग खाली बघा. हा नियम सगळ्या शाखांना लागू आहे. मंडळाने सर्वानुमते अध्यक्ष निवडला. खानापूरच्या जंगलात सगळीकडे धुकं होतं. त्या बाई गावात सगळ्यांच्या आदराच्या होत्या. हा निर्णय सगळ्यांना पटलेला नाही.

पहिलं: ‘दिस रूल इज युनिव्हर्सली अप्लिकेबल’, पण शाखांची यादी ठरलेली असल्याने ‘दिस रूल अप्लाइज टु ऑल ब्रांचेस’ जास्त साफ. दुसरं युनॅनिमसली. तिसरं एव्हरीव्हेअर. चौथं ‘शी वॉज युनिव्हर्सली रिस्पेक्टेड इन द व्हिलेज’, इथे शब्द अगदी आपल्या जागी आहे. पाचव्याला आधी ठरवावं लागेल, काहींना पटलेला नाही की कुणालाच नाही. काहींना नसेल तर ‘द डिसिजन हॅज नॉट बीन युनिव्हर्सली वेलकम्ड’, कुणालाच नसेल तर ‘नोबडी हॅज वेलकम्ड द डिसिजन’.